विज्ञानातलं न सुटलेलं कोडं सांगा, आणि त्यावर कोण काय मोजतंय तेही

मीरा_अंधेरी
मंडळी, मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. मुलं रोज ‘शास्त्रज्ञही चक्रावले’ छापाचे व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, मॅडम, हे खरं का? त्यातले बरेच प्रश्न केव्हाच सुटलेले असतात. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतले आपोआप सरकणारे दगड घ्या. काही संशोधकांनी दगडांना जीपीएस बसवलं, हवामान नोंदवणारी यंत्रं लावली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते दगड सरकताना चक्क डोळ्यांनी पाहिले. रात्री उथळ पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, उन्हानं तो तडकतो आणि हलक्या वाऱ्यानं वाहत जाताना दगडांना ढकलत नेतो. २०१४ मध्ये हे छापूनही आलं. व्हिडिओ मात्र अजून तेच फिरतायत.

म्हणून हा धागा. विज्ञानातलं खरोखर न सुटलेलं एक कोडं सांगा. अट एकच: ते सोडवायला माणसं नेमकं काय करतायत, काय मोजतायत, तेही सांगायचं. नुसतं ‘कुणालाच माहीत नाही’ चालणार नाही.

सुरुवात माझ्यापासून. डायनासोर कशानं गेले? अशनी आदळला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर पडत होते. मग दोष कुणाचा? माझ्या घरापासून गिल्बर्ट हिल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गावदेवीच्या देवळाखालचा तो काळा उभा कडा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर संपले तेव्हाचाच, असं सगळीकडे वाचते. हे बरोबर आहे का? कुणी भूशास्त्रवाले आहेत का इथे?

टिटवी
झकास धागा मीराताई. बसते चहा घेऊन.

खडकवेडा
आहे ना भूशास्त्रवाला. मीराताई, गिल्बर्ट हिलचं ते वय तितकंसं बरोबर नाही, आणि खरी गोष्ट जास्त रंजक आहे.

आधी वय कसं काढतात ते सांगतो. खडकात पोटॅशियम असतं. त्यातला थोडा किरणोत्सारी असतो आणि ठरलेल्या संथ गतीनं त्याचा अरगॉन वायू होत राहतो. लाव्हा वितळलेला असतो तोवर वायू निसटून जातो. लाव्हा थिजला की अरगॉन स्फटिकात अडकायला लागतो, म्हणजे घड्याळ शून्यापासून सुरू. आज किती अरगॉन साठलाय ते मोजलं की वय निघतं. भारतीय भूशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये या पद्धतीनं मुंबईतल्या खडकांची वयं प्रसिद्ध केली. मनोरी आणि साकीनाक्याचे ट्रॅकाइट (लाव्हाचाच एक फिकट प्रकार) खडक ६ कोटी ते ६ कोटी २० लाख वर्षांच्या दरम्यान आले. गिल्बर्ट हिलचा बेसाल्ट साधारण ६ कोटी ५ लाख.

डायनासोर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे अंधेरीचा तो कडा थिजला तेव्हा डायनासोर जाऊन पन्नासएक लाख वर्षं उलटली होती.

ठाणेकर_विनू
म्हणजे मुंबईला क्लीन चिट! आरोपी घाटावरचे.

खडकवेडा
विनू, अगदी तसंच! खटला चाललाय तो घाटावरच्या थरांवर. त्यांची नावंही आपल्या ओळखीची आहेत: ठाकुरवाडी, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. खालून वर हे थर एकावर एक बसलेत, आणि आज जगभरचे लोक भांडतायत ते यावर की डायनासोर संपल्याची वेळ या थप्पीत नेमकी कुठे येते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक प्रिन्स्टनच्या गटाचा, दुसरा बर्कलीच्या. बर्कलीवाल्यांनी अरगॉन पद्धतीनं थेट लाव्हाचं वय काढलं. त्यांच्या मते ती वेळ बुशे-पोलादपूरच्या सीमेजवळ पडते, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश लाव्हा त्यानंतर आला. प्रिन्स्टनवाल्यांनी दुसरं घड्याळ वापरलं: झिरकॉन स्फटिकातल्या युरेनियमचं शिसं होणं. त्यांना उद्रेक चार झटक्यांत झालेले दिसले, आणि त्यातला एक मोठा झटका डायनासोर संपण्याच्या अगदी थोडं आधी.

आता गंमत अशी की बेसाल्टमध्ये झिरकॉन जवळपास नसतोच. मग आणला कुठून? आंबेनळी घाटातून किंवा वरंध्यातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे बघा. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाची एक पट्टी दिसते, कुठे वीतभर, कुठे हातभर. भूशास्त्रात तिला रेड बोल म्हणतात. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात तयार झालेली ती माती. बोटानं घासली तर हाताला लाल पूड लागते, बाजूचा बेसाल्ट मात्र हातोडीला दाद देत नाही. दूरच्या वेगळ्या जातीच्या ज्वालामुखींची राख उडून या मातीवर पडली, आणि त्या राखेत झिरकॉन होते. मग काय, पोतीभर माती न्यायची, धुवायची, गाळायची, जड कण वेगळे करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं एकेक दाणा वेचायचा, आम्लात विरघळवायचा आणि युरेनियम-शिशाचं प्रमाण मोजायचं. कित्येक पट्ट्यांत काहीच मिळत नाही.

ज्वालामुखी_फॅन
माझं मत दख्खनच्याच बाजूनं. एवढा लाव्हा म्हणजे एवढा कार्बन डायऑक्साइड, एवढा गंधक. एका दगडानं सगळी पृथ्वी हादरावी हे मला कायम फार सोयीस्कर वाटत आलंय.

सायली_दादर
‘एक दगड’ म्हणू नका हो. त्या दगडानं मेक्सिकोच्या युकातानमध्ये जवळपास १८० किलोमीटर व्यासाचं विवर केलंय. १९८० मध्ये अल्वारेझ पिता-पुत्रांनी इटलीतल्या गुब्बिओच्या चुनखडीत इरिडियम जास्त सापडल्याचं सांगितलं तेव्हा विवराचा पत्ताही नव्हता. इरिडियम जमिनीवर दुर्मीळ, अशनींत भरपूर. त्या एका मोजमापावरून त्यांनी दगडाचा आकार दहाएक किलोमीटर सांगितला, आणि विवर त्याच मापाचं निघालं. २०१६ मध्ये समुद्रात उभं राहून त्या विवरात खोल छिद्र पाडून नमुने काढलेत. दख्खनबद्दल असं एखादं भाकीत खरं ठरलंय का?

ज्वालामुखी_फॅन
सायली, पृथ्वीवरच्या याआधीच्या सगळ्यात मोठ्या विनाशाच्या वेळी, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी, सायबेरियात लाव्हाचेच लोट होते. तिथे अशनीचा ठोस पुरावा नाही. मग ज्वालामुखी एवढा मोठा संहार करू शकतात हे तर सिद्धच झालं ना?

सायली_दादर
करू शकतात, मान्य. इथे केला का, हा प्रश्न आहे.

गिरणगावचा_बाळू
वरळीच्या बेडकांचं कुणी काढलं नाही अजून? वरळीला खोदकामात दोन लाव्हांच्या मधल्या तळ्याच्या गाळात लहान लहान बेडकांचे सांगाडे सापडले होते. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. हे तेच ओवेन, ज्यांनी पाच वर्षं आधी ‘डायनासोर’ हे नाव ठेवलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. आमच्या वाडवडिलांनी गिरण्यांत जन्म काढला आणि पायाखाली काय होतं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी भेटेल त्याला सांगत सुटतो.

टिटवी
बाळूदादा, वरळीची असून मला हे आज कळतंय. शाळेत का नाही शिकवत?

मीरा_अंधेरी
उद्याच शिकवते! खडकवेडा, फार आभारी आहे. आणखी कोडी येऊ द्या, नाहीतर इथे नुसती दख्खनचीच सुनावणी होईल.

भूलवाली_डॉक्टर
माझं कोडं माझ्या रोजच्या कामातलं आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. भूल नेमकी कशी चढते, हे पूर्णपणे कळलेलं नाही.

१६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथरची भूल सर्वांसमोर देऊन दाखवली. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी मायर आणि ओव्हर्टन या दोघांना स्वतंत्रपणे दिसलं की जो पदार्थ ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतो तो भुलीलाही जास्त जोरकस. मग सगळे म्हणाले, पेशींच्या स्निग्ध आवरणात हे पदार्थ शिरतात आणि गडबड करतात. कित्येक दशकं हेच मत होतं. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्यातलं प्रकाश देणारं प्रथिन घेतलं, ल्युसिफरेज. त्यात स्निग्ध पदार्थाचा अंशही नाही, तरी भुलीच्या औषधांनी त्याचा प्रकाश मंदावला, आणि ज्या मात्रेत माणूस बेशुद्ध होतो साधारण त्याच मात्रेत. तिथून शोध प्रथिनांकडे वळला.

आज एवढं पक्कं आहे की प्रोपोफॉलसारखी औषधं मेंदूतल्या गाबा नावाच्या रासायनिक संदेशाचं काम वाढवतात. उंदरांत त्या संदेशग्राहकातला एकच दुवा बदलला तर प्रोपोफॉलचा असर पुष्कळ कमी होतो, हे दाखवून झालंय. पण झेनॉन घ्या. कशाशीही सहज संयोग न पावणारा वायू, तोही भूल देतो, आणि त्याचा मार्ग वेगळा. इतके वेगवेगळे पदार्थ शेवटी ‘शुद्ध हरपणे’ या एकाच ठिकाणी कसे पोचतात? शुद्ध म्हणजे काय हेच नीट ठाऊक नसेल तर ती हरपली म्हणजे काय झालं, हे सांगणं अवघड. त्यासाठी आता भूल चढताना आणि उतरताना मेंदूतल्या विद्युत लहरी एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजतात. मेंदूचे भाग आपापलं काम करत राहतात पण एकमेकांशी बोलणं तुटतं, असं बऱ्याच नोंदींत दिसतं.

आणि हो, लाजाळूलाही भूल चढते. ईथरच्या वाफेत ठेवलेली लाजाळू हात लावला तरी मिटत नाही. क्लॉद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच हे करून पाहिलं होतं. जिला मेंदूच नाही तिला भूल चढते, यावर मी अजून विचार करत असते.

सुलभा_डोंबिवली
डॉक्टर, माझ्या आईचं पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. हे वाचून पोटात गोळा आला. कशी चढते ते ठाऊक नाही, तरी देता?

भूलवाली_डॉक्टर
सुलभाताई, घाबरू नका. कुठल्या रेणूमुळे काय होतं यातला काही भाग कळायचा आहे. किती द्यायची, कुणाला काय चालत नाही, शरीर कसं वागतं, हे पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून फार बारकाईनं माहीत आहे. भूल दिली की आम्ही निघून जात नाही. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड, सगळं सतत समोर दिसत असतं आणि आम्ही पेशंटच्या डोक्याशी बसून असतो. गुडघ्याला बहुतेक वेळा कमरेतून इंजेक्शन देऊन फक्त पाय बधिर करतात, तेव्हा आई कदाचित जागीच असतील. त्यांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा, आयुर्वेदिक असल्या तरी. आणि हलणारे दात असतील तर नक्की सांगा.

सुलभा_डोंबिवली
खूप आधार वाटला. कवळी आहे, सांगते.

पार्लेकर_जोशी
सगळं छान आहे, पण स्पष्ट बोलतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी काय झालं, लाजाळूला भूल चढते का, यात लोकांचे पैसे घालून मिळतं काय? आपल्याकडे ट्रॅकवर पाणी भरलं की गाड्या बंद. तेवढं कोडं सोडवा आधी.

टिटवी
+१. जोशीकाका, दादर-कुर्ल्याचं पाणी हे खरंच जागतिक कोडं आहे.

अलिबागचा_समीर
जोशीकाका, तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून माझं कोडं सांगतो. ते मुंबईतच नोंदलं गेलंय.

कुलाब्याला वेधशाळा होती. १८४० च्या दशकापासून तिथली माणसं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवत होती. दोऱ्याला टांगलेला चुंबक, त्याच्या हालचाली बघायला दुर्बीण, आणि वही. एरवी ठरलेल्या वेळी, आणि चुंबक अस्वस्थ दिसला तर मध्येमध्ये जास्त वेळा. कशासाठी हे करतोय, याचं नेमकं उत्तर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्यांना डागांपाशी पांढरा लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकलं. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोपातल्या वेधशाळांत प्रकाशाची रेघ कागदावर उमटवणारी नवी यंत्रं होती. वादळ इतकं मोठं की रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणूस डोळ्यांनी बघून आकडे लिहीत होता, म्हणून कुलाब्याची नोंद पूर्ण राहिली: आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण. २००३ मध्ये त्या जुन्या वह्यांच्या आधारे संशोधकांनी वादळाची ताकद नव्यानं मोजली, आणि आज जगात कॅरिंग्टन वादळावर काहीही लिहायचं तर कुलाब्याचा आलेख द्यावाच लागतो.

न सुटलेला भाग असा. ती घसरण फार झटकन झाली आणि तितक्याच झटकन बरीचशी भरून निघाली. नेहमीच्या वादळात पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचं कडं तयार होतं, ते ओसरायला वेळ लागतो. मग १८५९ ला मुंबईवर जे झालं ते त्या कड्यामुळे, की ध्रुवाकडचे विद्युत प्रवाह खाली सरकल्यामुळे? यावर आजही दोन तट आहेत. हे ठरल्याशिवाय असं वादळ पुन्हा आलं तर किती मोठं असेल ते सांगता येत नाही. आणि काका, उपयोगाचंच बोलायचं तर, १३ मार्च १९८९ ला याहून बऱ्याच लहान वादळानं कॅनडातल्या क्विबेकची वीज घालवली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात. लोकल विजेवरच चालते ना आपली?

पार्लेकर_जोशी
समीर, हे मला ठाऊक नव्हतं. कुलाब्याच्या वेधशाळेचं पुढे काय झालं?

अलिबागचा_समीर
मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह जमिनीतून फिरला की नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी जागा शोधली ती अलिबागची. १९०४ ला तिथे वेधशाळा सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे कुलाब्याची मालिका न तुटता अलिबागच्या मालिकेला जोडता यावी. इमारत बांधताना लोखंड टाळलं, दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला बाहेरून आणला, कारण आपला काळा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय. आज ती नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. ट्राम १९०७ ला आली, १९६४ ला बंदही झाली. अलिबागच्या नोंदी चालूच आहेत. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेला आकाश लाल झालं होतं, ते वादळही त्यात आहे.

गिरणगावचा_बाळू
ट्राम येणार म्हणून वेधशाळा गेली, आणि मग ट्रामच गेली! समीर, हे फार भारी सांगितलंत.

मीरा_अंधेरी
समीर, जोडणीची दोन वर्षं! मुलांना हेच सांगायला हवं. यंत्र हलवलं तर जुनी आणि नवी नोंद शेजारी शेजारी ठेवून पाहायची.

पाऊसपाणी
जोशीकाकांनी पाण्याचं काढलंच आहे तर माझं कोडं २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला त्याच वेळी फक्त ७३. मध्ये अंतर वीसेक किलोमीटर. मी त्या रात्री सायनच्या एका अनोळखी घरात होतो, त्यांनी आम्हा भिजलेल्या सगळ्यांना पिठलं-भात वाढला. दक्षिण मुंबईतल्या नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी फोन लागला तर त्यांना पटेना.

मुंबईजवळ अरबी समुद्रात भोवरा होता, वरच्या थरांत अनुकूल स्थिती होती, हे नंतर मांडलं गेलं. त्या दिवसाची हवा संगणकात पुन्हा पुन्हा चालवून बघितली गेली. मोठा पाऊस कुठेतरी पडतो हे प्रारूपं दाखवतात, पण नेमका सांताक्रूझवरच एवढा का आणि तिथून का हलला नाही, इथे ती अडखळतात. ढगाच्या आत थेंब कसे वाढतात, हा त्यातला कच्चा दुवा. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१२ पासून महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा चालवली आहे. पावसाळ्यात ढगच खोलीच्या दारात येतो, मग थेंबांचा आकार, संख्या, आत कुठल्या धुळीचे कण, सगळं जागेवर मोजता येतं. २००५ ला मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाब्याला आहे आणि वेरावलीलाही.

पार्लेकर_जोशी
पाऊसपाणी, ही बात! यासाठी माझे पैसे खुशाल घ्या.

कुडाळकर
आमच्या आजोबांनी वादळात खळ्यात नारळाएवढा आगीचा गोळा फिरताना पाहिला होता. थोडा वेळ तरंगला आणि फट्कन विझला. विज्ञानाकडे यावर काही आहे का?

कुलाब्याचा_काका
कुडाळकर, त्याला गोलाकार वीज म्हणतात, आणि ते कोडं खुलंच आहे. अशा हजारो आठवणी जगभर नोंदल्या आहेत. अडचण अशी की सांगून येत नाही, त्यामुळे यंत्र लावून बसता येत नाही. चीनमध्ये लांझोच्या संशोधकांनी साध्या विजेसाठी कॅमेरे आणि वर्णपट घेणारं यंत्र लावलं होतं. जुलै २०१२ मध्ये वीज जमिनीवर पडली आणि तिथे असा गोळा दिसला, तोही यंत्राच्या टप्प्यात. वर्णपटात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम, म्हणजे मातीतलीच द्रव्यं. वीज पडून मातीची वाफ जळते, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळालं. पण एका गोळ्यावरून सगळे गोळे तसेच म्हणता येत नाही. तुमच्या आजोबांची आठवण लिहून ठेवा: जागा, महिना, रंग, किती वेळ, आवाज, वास.

साधी वीजसुद्धा कशी सुरू होते ते पूर्ण कळलेलं नाही. फुग्यांवरून ढगात मोजलेलं विद्युतक्षेत्र हवा फोडायला लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतं. मग ठिणगी पडते कशी? यावर आपल्या टीआयएफआरच्या (कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था) उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगानं मोलाची भर टाकली. तिथे आकाशातून येणारे म्युऑन कण मोजतात, दहा सेंटीमीटर रुंद, सहा मीटर लांब अशा हजारो लोखंडी चौकोनी नळ्यांनी. ढगात मोठा विद्युतदाब असेल तर भारित म्युऑनांची ऊर्जा बदलते आणि खाली पोचणाऱ्यांची संख्याही. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात ती संख्या काही मिनिटं घटली. त्यावरून ढगातला दाब निघाला सुमारे १३० कोटी व्होल्ट. एवढा दाब असू शकतो असं सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच म्हटलं होतं, मोजायला नव्वद वर्षं लागली. विमान किंवा फुगा ढगाच्या एका रेषेतून जातो, म्युऑन सगळा ढग एकदम पार करून येतात.

सायली_दादर
काका, तुम्ही त्यातलेच दिसता. कोलारच्या खाणीबद्दल सांगा ना.

कुलाब्याचा_काका
इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी झाली माझी, एवढंच सांगतो. कोलारचं मला मनापासून सांगायचंय.

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल यंत्रं ठेवली होती. वरचा खडक बाकी सगळे कण अडवतो. १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो (जवळजवळ कशातूनही आरपार जाणारा सूक्ष्म कण) तिथे पकडला गेला, दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतल्या गटानंही त्याच सुमारास पकडला. मग १९७० च्या दशकात काही विचित्र घटना नोंदल्या गेल्या. एकाच बिंदूतून दोन-तीन कणांचे माग निघालेले, आणि तो बिंदू खडकातही नाही, यंत्रातही नाही, मधल्या मोकळ्या हवेत. हवेत टक्कर व्हायला आहे काय? तर कुठला तरी जड, बऱ्यापैकी टिकणारा कण खडकातून निघून हवेत विघटन पावला असावा, असं म्हटलं गेलं. त्या ‘कोलार घटना’ म्हणून ओळखल्या जातात. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगात त्या निर्विवाद दिसल्या नाहीत. २०१४ मध्ये दोन भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी त्यांचा संबंध कृष्णद्रव्याशी (विश्वातलं न दिसणारं द्रव्य) असेल का, असा प्रश्न पुन्हा मांडला. खाण २००१ ला बंद झाली. तमिळनाडूत थेनीजवळ न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती, तिथे शोधता आलं असतं. ती रखडली. मला याचं फार वाईट वाटतं.

ठाणेकर_विनू
काका, घटना मोजक्याच होत्या. यंत्राची चूक नसेल कशावरून?

कुलाब्याचा_काका
बरोबर विचारलंत, आणि हीच शंका तेव्हाही सगळ्यांनी घेतली. म्हणूनच कुणी ‘नवा कण सापडला’ म्हणून मिरवलं नाही. नोंदलं, छापलं, पुढच्यांना म्हटलं, बघा.

मीरा_अंधेरी
मूळ प्रश्नाकडे येते. मला यातलं एकच कोडं वर्गात न्यायचंय. मला वाटतं जिथे कुठलं मोजमाप निकाल देईल ते आधी ठरलेलं आहे, तेच मुलांना द्यावं. म्हणजे दख्खन.

अलिबागचा_समीर
मीराताई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कुलाब्याला वही लिहिणाऱ्याला कुठलं मोजमाप काय निकाल देईल ते माहीत नव्हतं. तो फक्त प्रामाणिकपणे लिहीत राहिला. ‘आधी प्रश्न, मग मोजमाप’ हा नियम केला असता तर १८५९ ची नोंदच नसती. मुलांना वर्षभर एकच गोष्ट रोज नोंदवायला लावा, शाळेच्या गच्चीवरचा पाऊस का असेना.

पाऊसपाणी
समीरला अनुमोदन. २६ जुलैला शहरभर साधी पर्जन्यमापकं असती तर आज निम्मा वाद मिटला असता.

सायली_दादर
मी मीराताईंच्या बाजूनं. नोंदी अमाप साठतात, पण अल्वारेझनी इरिडियम मोजलं ते एका नेमक्या प्रश्नासाठी: तो मातीचा थर साचायला किती काळ लागला? उत्तर भलतंच निघालं, ते त्यांनी ओळखलं. प्रश्न नसता तर तो थर कुणी यंत्रात घातलाच नसता.

भूलवाली_डॉक्टर
माझं म्हणणं, मुलांना दोन्ही करू द्या. लाजाळूचं मात्र ईथर घेऊन अजिबात करू नका, फार ज्वालाग्राही असतं. नुसती लाजाळू किती वेळात पुन्हा उघडते, सकाळी आणि दुपारी, हे मोजायला काहीच लागत नाही.

मीरा_अंधेरी
पटलं. गच्चीवर पर्जन्यमापक जूनपासून, आणि लाजाळूच्या कुंड्या सोमवारी. खडकवेडा, मुलांना लाल पट्टी दाखवायची तर कुठे नेऊ?

खडकवेडा
वरंधा किंवा आंबेनळी, पण पावसाळ्यात मुळीच नको, दरडी कोसळतात. डिसेंबरात या, गाडी वळणावर उभी करू नका. गिल्बर्ट हिलला हातोडी नेऊ नका, तो संरक्षित आहे.

ज्वालामुखी_फॅन
खडकवेडा, एक शंका राहिली. समजा बर्कलीवाले बरोबर आणि बहुतेक लाव्हा नंतर आला. तरी लाव्हा बाहेर पडण्याआधीच वायू निसटू शकतो ना? मग थप्पीतल्या थरांचं वय काढून वायूची वेळ कशी कळणार?

खडकवेडा
अगदी मर्माचा प्रश्न. नाही कळत, म्हणूनच आता लोक दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत. एक, पारा. ज्वालामुखीतून पाऱ्याची वाफ निघते, जगभर पसरते आणि समुद्राच्या गाळात बसते. लांबच्या गाळात पारा कोणत्या पातळीला वाढला ते पाहिलं की वायू केव्हा निघाला याचा अंदाज येतो, घाटाला हातही न लावता. दुसरं, लाव्हातले पायरॉक्सीनचे स्फटिक. लाव्हा अजून खाली वितळलेला असताना ते बनतात आणि त्यात तेव्हाचं गंधक थोडं अडकतं. २०२३ मध्ये पश्चिम घाटातल्या नमुन्यांवर असं काम प्रसिद्ध झालं. डायनासोर संपण्याआधीच्या काही थरांत गंधक इतकं होतं की थोड्या थोड्या काळासाठी जग थंडावलं असावं, असं त्यांचं म्हणणं. अडचण कार्बन डायऑक्साइडची. तो इतक्या लवकर निसटतो की स्फटिकात फारसा उरत नाही. त्याचा हिशोब लावायला स्फटिकांत अडकलेले वितळलेल्या खडकाचे अतिसूक्ष्म थेंब शोधावे लागतात, आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते धड अवस्थेत मिळणं मुश्कील. मिळाले तर तुमची आणि सायलीची सुनावणी बरीच पुढे सरकेल.